महाराज बागेत गेले आहेत

आमच्या मंडळाचं नाटक वर्षातून एकदाच होतं, गणपतीत. पण त्या एका नाटकाच्या तालमी जवळजवळ वर्षभर चालतात, आणि तालमीला आलेली माणसं तालीम सोडून बाकी सगळं करतात. त्यामुळे किस्से साठतच जातात. चहा आला की कुणीतरी एक सुरू करतं, दुसरंच कुणीतरी त्याचा शेवट बदलून सांगतं, आणि मग खरं काय घडलं यावर भांडण! मी त्या भांडणात पडत नाही. मी प्रॉम्प्टर आहे. विंगेतल्या स्टुलावरून मला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मला ते फार आवडतं.

तर गेल्या दोनेक वर्षांतले हे काही किस्से, मला जसे दिसले तसे.

आधी माणसं सांगते. माझे आजोबा वसंतराव, त्यांना आम्ही आबा म्हणतो, वीज मंडळातून रिटायर झाले. आवाज इतका मोठा की मंडळाने त्यांना राजाशिवाय दुसरी भूमिका कधी दिलीच नाही. नाना आबांचा लहानपणापासूनचा मित्र. तो नाटकात प्रधान असतो आणि निम्मं बोलणं हिंदीत करतो. कुंदामावशी राणी, राजमाता, दासी, जे लागेल ते. आणि भालेराव सर, रिटायर गणित शिक्षक, दिग्दर्शक. यावेळचं नाटकही त्यांनीच लिहिलेलं. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात साड्यांच्या एका दुकानावर हॉल आहे, तिथे तालीम होते.

मी अकरावीत आहे. प्रॉम्प्टिंगचं काम मला सरांनी दिलं तेव्हा एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, "रेवा, स्टेजवर शांतता दोन प्रकारची असते. एक विसरल्याची, एक ठरवलेली. विसरल्याची असेल तर वाक्याचा पहिला शब्द द्यायचा, फक्त पहिला. पुढचं नट बघून घेतो. ठरवलेली असेल तर ओठसुद्धा हलवायचे नाहीत."

"पण कोणती कोणती, ते कसं ओळखायचं?"

"ते मला येत असतं तर मी प्रॉम्प्टर ठेवला असता का?"

*

दुसऱ्या अंकात राजदरबाराचा मोठा प्रवेश आहे. महाराज, प्रधान आणि राजमाता. एका तालमीत महाराज ऐन वाक्याच्या मध्ये वळले आणि निघून गेले. एक्झिट नव्हती, काही नव्हतं! संडास तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे, त्यामुळे जाऊन यायला वेळ लागतो.

आता आमच्या मंडळाचा एक नियम आहे. समोरच्याचं काहीही चुकलं तरी सांभाळून घ्यायचं. मिशी पडो, तलवार मोडो, आपण पदरची वाक्यं घालून प्रवेश चालू ठेवायचा. नाना क्षणभरही थांबला नाही. म्हणाला, "राजमाता, महाराज बागेत गेले आहेत."

कुंदामावशी म्हणाली, "या वेळी?"

"राज्याची चिंता, राजमाता. फुलं पाहिली की हलकी होते."

आबा परत आले आणि आपलं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. सर खूश झाले नाहीत, कारण त्यांच्या नाटकात बाग नव्हती. पण पुढच्या तालमीत आबा पुन्हा त्याच ठिकाणी गेले. त्याच्या पुढच्याही. हळूहळू त्या बागेत आंबे आले, मोर आला, एक आंधळा माळी आला. कुंदामावशीने त्या माळ्याला एक मुलगी दिली. गणपतीतल्या प्रयोगात आबा दोनदा गेले, आणि प्रेक्षकांनी सगळ्यात जास्त टाळ्या बागेला दिल्या!

कुणीही आबांना विचारलं नाही की बाबा रे, तुला होतंय काय. सगळे सांभाळून घेत होते. मीसुद्धा. नाना पदरची वाक्यं घालायला लागला की मी बोट त्या ओळीवर ठेवून वाट बघत बसायची. वर्षभर आम्ही सगळ्यांनी मिळून इतकं छान सांभाळलं की घरी कुणाला पत्ताच लागला नाही; प्रयोगातली बागही त्यांना लिहिलेलीच वाटली.

मग थंडीत, पुढचं नाटक ठरेपर्यंत याच नाटकाच्या तालमी चालू असताना, एकदा आजी लाडू घेऊन आली. दाराशी बसून तिने तो प्रवेश पाहिला. महाराज गेले, बाग सुरू झाली, मोर नाचला, माळ्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तरी महाराज येईनात. आजीने लाडवांचा डबा बंद केला आणि तिथूनच विचारलं, "नाना, त्या बागेला नळ आहे का?"

नाना आयुष्यात पहिल्यांदा पदरचं वाक्य विसरला.

*

आजी त्याच आठवड्यात आबांना घेऊन सिटी सेंटरला डॉक्टरांकडे गेली. रक्त तपासलं, मग स्कॅन, मग सुईने तुकडे काढून तपासले. लघवीचा त्रास होता तो प्रोस्टेटची ग्रंथी मोठी झाल्यामुळे. पण तो तपासताना त्याच ग्रंथीत दुसरं काहीतरी सापडलं. कॅन्सर. अजून ग्रंथीच्या आतच होता, बाहेर कुठे गेला नव्हता. हाडांचा स्कॅनही स्वच्छ आला.

आबांनी ते तालमीत सांगितलं. घरी आम्ही दोन दिवस त्या शब्दाच्या आजूबाजूने चालत होतो. आबांनी तो हॉलमध्ये, चहाचा कप हातात घेऊन, राजाच्या आवाजात सांगून टाकला. खाली दुकानदार कुणाला तरी साडी उलगडून दाखवत होता, "बहनजी, ये रंग देखिए," तेवढंच ऐकू येत होतं.

शेवटी सरांनी विचारलं, "रिपोर्टात काय म्हणतात?"

"ते नंबर देतात. मला सात दिलाय."

"कितीपैकी?"

"दहापैकी."

"दहा में से सात!" नाना उडालाच. "वश्या, तुला जिंदगीत पहिल्यांदा फर्स्ट क्लास मिळाला यार!"

कुंदामावशीने त्याला चिमटा काढला, पण आबा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. मग म्हणाले, "नाना, यात नंबर कमी असलेला बरा असतो. पण डॉक्टर म्हणाले, माझा सात तीन अधिक चार आहे, चार अधिक तीन नाही, ही चांगली गोष्ट आहे."

सर खुर्चीतून उठले. "काय म्हणालास?"

"तीन अधिक चार चांगला. चार अधिक तीन जरा वाईट."

"वसंता, बेरीज तीच येते!"

"मीही तेच म्हटलं. ते म्हणाले, पहिला आकडा जास्त जागेत काय दिसलं त्याचा असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा."

सर पुन्हा बसले. बराच वेळ चष्मा पुसत होते. मग हळूच म्हणाले, "मी इतकी वर्षं पोरांना शिकवलं की क्रम बदलला तरी फरक पडत नाही." आणि थोडं थांबून, "पण तुझ्यासाठी पडत असेल, तर पडू दे."

मग त्यांनी त्याच बैठकीत जाहीर केलं की येत्या गणपतीतही हेच नाटक होणार. महाराजही हेच.

*

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत उपचार कोणकोणते, ते सांगायला बोलावलं होतं. आबांना प्रश्न खूप होते. आजी म्हणाली कागदावर लिहून न्या. आबांना अपमान वाटला. "मी कधी कागद घेऊन स्टेजवर गेलोय?"

म्हणून सरांनी डॉक्टरांच्या भेटीची तालीम बसवली! टेबल मांडलं. सर डॉक्टर झाले, नाना कंपाउंडर झाला, गरज नसताना. कुंदामावशी आजी झाली, खरी आजी शेजारी बसलेली असताना. आबांनी सगळे प्रश्न पाठ केले. उपचार लगेच सुरू केला नाही तर चालेल का? कोणत्या उपचाराने काय बिघडू शकतं? तुमच्या जागी तुमचे वडील असते तर काय केलं असतं? प्रत्येक वाक्यावर सरांनी मेहनत घेतली. "'बिघडू' वर जोर नको. 'काय' वर दे." मी प्रॉम्प्ट करत होते. तिसऱ्या तालमीला आबांना माझी गरज उरली नाही.

भेटीला आबा, आजी आणि मी गेलो. बाबा पुण्याला नोकरीला आहेत, ते फोनवर होते. आबा आत गेले, बसले, घसा साफ केला आणि दरबारी आवाजात सुरुवात केली, "डॉक्टरसाहेब, उपचार तातडीने आरंभला नाही, तर चालण्यासारखं आहे काय?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाई साहब, हिंदी में बताइए ना।"

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! जन्म ग्वाल्हेरात गेला, भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांशी आबा हिंदीत बोलतात, पण पाठांतर झालं होतं मराठीत. वाक्य हिंदीत वळवायला गेले की पुढचं मराठी वाक्य आधीच तोंडात येऊन उभं राहायचं. शेवटी निम्मे प्रश्न आजीनेच विचारले, तिच्या साध्या घरगुती हिंदीत, आणि कशावरही जोर न देता.

डॉक्टरांनी शांतपणे तीन रस्ते सांगितले. एक, ऑपरेशन करून ग्रंथी काढून टाकायची. दोन, रेडिएशन, काही आठवडे. तीन, सध्या काहीच न करता नीट नजर ठेवायची, ठरलेल्या वेळी रक्त, स्कॅन आणि गरजेप्रमाणे पुन्हा सुईची तपासणी. "तीनों ठीक हैं। जल्दी नहीं है। दूसरी राय भी लीजिए।"

बाबांनी रिपोर्ट दिल्लीच्या एका डॉक्टरांना पाठवले. त्यांनीही हेच तीन रस्ते सांगितले. आजी म्हणाली, "नाटक तेच आहे, नट तेवढा बदलला."

*

दुसरं मत एकच घ्यायचं असतं हे शिंदे की छावनीतल्या आमच्या कॉलनीला कुणी सांगितलं नव्हतं. रोज कुणी ना कुणी यायचं. एकाने कडुलिंबाचा रस आणला, एकाने कुणाच्या तरी मेहुण्याच्या ऑपरेशनची अशी गोष्ट सांगितली की आजीने त्याला चहासुद्धा विचारला नाही. बाबा रोज फोनवर म्हणायचे, "आबा, दिल्लीत रोबोने ऑपरेशन करतात."

आजीने विचारलं, "रोबो करणार, मग डॉक्टर काय करणार?"

"आई, रोबो डॉक्टरच चालवतात."

"मग तो डॉक्टर किती वर्षं चालवतोय ते विचार. गाडी कोणती आहे ते नंतर बघू."

आमच्या डॉक्टरांना आम्ही हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माताजी का सवाल सबसे अच्छा है।" घरी आल्यावर ऑटोतून उतरताना आजीने पदर जरा ऐटीत घेतला.

*

आबांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. नजर ठेवायची. "डॉक्टर स्वतः म्हणाले, घाई नाही. मग कशाला कापाकापी?" हे ते इतक्या वेळा म्हणायचे की मला ते वाक्यही पाठ झालं.

सर म्हणाले, "ठीक आहे. पण आधी वाचन होईल."

मंडळाची ही जुनी पद्धत आहे. भूमिका वाटायच्या आधी प्रत्येकाने नको असलेली भूमिका आधी वाचायची. खलनायक नको म्हणणाऱ्याने आधी खलनायक वाचायचा, मनापासून, तो बरोबरच आहे असं समजून. हवी असलेली भूमिका सगळ्यात शेवटी.

"वसंता, पहिलं ऑपरेशन."

आबा नाखुशीने उठले. पण उठले की त्यांना राहवत नाही. "शत्रू अजून किल्ल्याच्या आत आहे!" ते म्हणाले. "तटाबाहेर एकही शिपाई आलेला नाही. आज दरवाजा उघडून त्याला मुळासकट बाहेर काढता येईल. आणि ज्या ग्रंथीने वर्षभर मला तो जिना उतरायला लावला, तीही जाईल! काही महिने कपडे ओले होतील. होऊ देत! मी घाबरत नाही!"

नाना उभा राहिला. "मेरा ही कर दो यार!"

मग रेडिएशन. आबांनी आवाज खाली घेतला. "टाका नाही, रक्त नाही. रोज जायचं, मशीनखाली पडायचं, घरी येऊन जेवायचं. थकवा येईल, पोटाला त्रास होईल, लघवीचा त्रास काही दिवस वाढेलही. पण अंगाला सुरी लागणार नाही." कुंदामावशीने डोळे पुसले. म्हणाली, "वसंतराव, हेच घ्या."

"आता शेवटची. तुला हवी ती."

आबांनी पवित्रा घेतला. "नजर ठेवायची," ते म्हणाले. मग थांबले. "ठरलेल्या वेळी जाऊन... रक्त तपासायचं. पुन्हा सुई लावावी लागली तर... तीही..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे शब्द नव्हता. "म्हणजे, जायचं. तपासायला."

"कोण जाईल?" सरांनी विचारलं.

"मी."

"वर्षभर तो जिना उतरत होतास. घरी एकदा तरी बोललास?"

आजी दाराशी बसली होती. ती म्हणाली, "सर, मी नजर ठेवीन. पण ज्याच्यावर ठेवायची त्याने बागेत पळता कामा नये."

सरांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "भूमिका चांगली आहे, वसंता. ज्याला वेळच्या वेळी जाता येतं, त्याने जरूर करावी. पण ही तुझी नाही. वाचनात पडलास तू."

आबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भूमिकेतून काढलं!

*

राहिले दोन रस्ते. पुन्हा सिटी सेंटर, पुन्हा तीच केबिन. या वेळी तालीम झाली नव्हती, आबांनीच नको म्हटलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "दोनों में से कुछ भी चुनिए, मैं साथ हूँ। बस ये बताइए, आपके लिए सबसे ज़रूरी क्या है? किस बात की फ़िक्र है?"

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पंखा फिरत होता. आजी टेबलावरच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत होती. आबा कुणाकडेच बघत नव्हते.

मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर होते. ही कोणती शांतता, ते मला कळेना. ठरवलेली असती तर आबा ताठ बसले असते. ते ताठ नव्हते. पण शब्द तरी कुठून देणार? हे वाक्य कुणी लिहिलेलंच नव्हतं. तरी माझ्या तोंडून हळूच गेलं, "मला..."

"मला भीती वाटते," आबा म्हणाले.

मराठीत. राजाच्या आवाजात नव्हे, त्यांच्या स्वतःच्या. तो आवाज मी क्वचितच ऐकला होता.

"मरायची वाटते, नाही असं नाही. पण त्याहून जास्त... चार माणसांत बसलोय, कपडे ओले झाले आणि समोरच्याला कळलं, तर? याची भीती वाटते."

आजी म्हणाली, "अहो, समोर मीच असणार ना?"

मी डॉक्टरांसाठी हिंदीत सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "बेटा, इतनी मराठी तो ग्वालियर में सबको आती है।"

मग ते आबांशी बराच वेळ बोलले. ऑपरेशननंतर तसं होतं, सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांना होतं. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींचं थोडं राहतं, गॅरंटी मी देणार नाही. व्यायाम असतात, ते आजपासून सुरू करा. रेडिएशननेही बरं होता येतं, पण तुमची ग्रंथी मोठी आहे, त्यात लघवीचा त्रास आधीच आहे, तो वाढू शकतो. मग ते म्हणाले, "एक बात और, पति-पत्नी वाली..." आणि माझ्याकडे पाहून थांबले.

आजी म्हणाली, "रेवा, बाहेर जाऊन पाणी पिऊन ये."

मला तहान नव्हती. तरी गेले. परत आले तेव्हा आजी हसत होती आणि आबा कानापर्यंत लाल झाले होते. त्या प्रवेशाची संहिता माझ्याकडे नाही.

आबा उठून म्हणाले, "ऑपरेशन। तारीख दीजिए।" हिंदीत, एकदम स्पष्ट.

*

व्यायाम सोपे होते. लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे, थोडं धरायचं, सोडायचं. बसून, उभ्याने, कुठेही. फिजिओथेरपिस्ट म्हणाली होती की तुम्ही करताय हे कुणाला कळणारसुद्धा नाही.

तिला आबांचा चेहरा माहीत नव्हता.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातही आबा तालमीला येत होते. राजपुत्र रणात पडल्याची बातमी येते तो प्रवेश चालू होता. आबा सिंहासनावर बसून ऐकत होते. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या, जबडा घट्ट झाला, डोळे कुठेतरी लांब लागले. मग एक मोठा श्वास, आणि सगळं सैल.

सर टाळ्या वाजवत पुढे आले. "वा! वसंता, हे दुःख! इतक्या वर्षांत तू हे कधी दाखवलं नाहीस! कुठून आणलंस?"

आबा म्हणाले, "सांगतो नंतर."

नाना म्हणाला, "सर, पूछो मत."

पण सर ऐकेनात. पूर्ण मंडळाला सांगितलं, हा भाव शिका याच्याकडून. शेवटी आबांना सांगावं लागलं. सरांनी विचार केला आणि म्हणाले, "काय फरक पडतो? प्रयोगातही तेच कर."

त्या दिवसापासून दुःखाच्या प्रवेशात नानाही करायला लागला. त्याला गरज नव्हती. पण त्याचा अभिनय सुधारला.

*

ऑपरेशन नीट झालं. नाना रोज हॉस्पिटलात यायचा आणि नर्सला सांगायचा, "सिस्टर, संभालके, हमारे महाराज हैं।" आबा लघवीची पिशवी हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये चालायचे, पहिल्या दिवशी भिंतीला धरून, मग न धरता. पुढे नळी निघाली. काढलेल्या ग्रंथीचा रिपोर्ट आला, कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सर काठापर्यंत पोचला नव्हता. नंतरच्या रक्त तपासणीत प्रोस्टेटचा आकडा इतका खाली आला की मशीनला मोजता येईना. सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "शून्याच्या जवळ. हा आकडा मला मान्य आहे."

आबा अजून तपासायला जातात, वेळच्या वेळी. आजी बरोबर जाते. कपड्यांचं म्हणाल तर पॅड सुरुवातीला बरीच लागायची, मग कमी. जोरात शिंक आली तर अजूनही आबा आधी आजीकडे बघतात. आजी दुसरीकडे बघते.

*

आणि मग गणपतीतला प्रयोग. हॉल भरलेला. गेल्या वर्षी बाग पाहून गेलेले लोक या वर्षी पाहुण्यांना घेऊन आले होते. आजी तिसऱ्या रांगेत. बाबा पुण्याहून आलेले.

आबांनी ऑपरेशननंतर थोड्याच तालमी केल्या होत्या, त्याही पहिल्या आणि तिसऱ्या अंकाच्या. दुसऱ्या अंकाला सर म्हणाले होते, "तो तर तोंडपाठ आहे सगळ्यांचा."

दरबाराचा प्रवेश सुरू झाला. आबा बोलत होते. ते वाक्य आलं, जिथून ते गेलं वर्षभर निघून जायचे. आबांनी ते पूर्ण केलं आणि तिथेच उभे राहिले.

नाना सवयीने कुंदामावशीकडे वळला. "राजमाता, महाराज बागेत गेले आहेत."

महाराज त्याच्या शेजारी उभे होते.

प्रेक्षकांत कुणीतरी खुसखुसलं. कुंदामावशीही सवयीने म्हणाली, "या वेळी?" आणि मग तिला आबा दिसले. ती गप्प झाली. नानाने वळून पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. तेव्हा मला कळलं. या जागेच्या पुढची मूळ वाक्यं कुणालाच आठवत नव्हती! वर्षभर सगळ्यांनी फक्त बागच बोलली होती.

नानाने विंगेकडे पाहिलं. पुढचं वाक्य माझ्या बोटाखाली होतं. सरांनी स्वतः लिहिलेलं, आणि सर माझ्या पाठीशीच उभे होते. मी आबांकडे पाहिलं. ते ताठ होते.

मी शब्द दिला नाही. सरही 'दे' म्हणाले नाहीत.

आबांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "प्रधानजी," ते म्हणाले, "बाग या वेळी तुम्ही पाहून या. आज आम्ही इथून हलणार नाही!"

नानाने आबांकडे बघितलं, मग कमरेत वाकून मुजरा केला आणि खरोखरच निघाला. विंगेत येऊन माझ्या स्टुलाशी उभा राहिला. शेल्याने डोळे पुसत होता, त्याला मिशी लागून निम्मी निघाली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बिटिया, आता मी परत कधी जाऊ?"

मी स्टेजकडे बोट दाखवलं. आबा दिव्याखाली मधोमध उभे होते. त्यांना कसलीही घाई दिसत नव्हती.